बर्फ काढा, पण बोटे सांभाळा!

सराफी पेढ्यांनी गजबजलेल्या रायपूरच्या सदर बाजारात हिवाळा स्वेटरवर भागतो. पण इथली लेक कॅनडात नांदत असेल, तर तिच्या दारातला बर्फ कसा निघायचा? फावड्याने उपसताना कंबर धरते, हृदयावरही ताण येतो. विजेवर चालणारा स्नो ब्लोअर हे काम हलके करतो. त्याचे फिरते पाते बर्फ ओढून नळकांड्यातून दूर फेकते. चार-सहा इंच भुसभुशीत बर्फाला तो पुरतो. ओला बर्फ मात्र आत अडकतो. खरा धोका तिथेच! यंत्र बंद करून प्लग किंवा बॅटरी काढावी, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि अडकलेला बर्फ काठीनेच काढावा. बंद यंत्राचे ताणलेले पातेही अचानक फिरून बोटे तोडू शकते. लेकीला पुढच्या फोनवर एवढे जरूर सांगा.