‘कमिटी नाही म्हणते’ हा नियम नव्हे

जुन्या नाशिकमधलं घर सोडून सोसायटीत फ्लॅट घ्यायचा म्हटलं, की आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो: कमिटी एनओसी देईल का? म्हणून नियम नेमके काय, हे आपण समजून घेऊ.

नोंदणीकृत सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि स्वतःच्या उपविधींवर, म्हणजे बायलॉजवर चालते. मेंटेनन्स थकला तर ती निबंधकांकडून वसुली दाखला घेऊ शकते. फ्लॅट भाड्याने दिला तर जादा शुल्क लावू शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.

सभासदत्व मात्र पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवावा लागतो. नकार आला तर उपनिबंधकांकडे अपील करता येतं. म्हणून अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. तोंडी नकारावर अपील करणं अवघड.

एक खबरदारी. २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करणारा उपविधी वैध ठरवला. तेव्हा टोकन देण्याआधी उपविधी मागून वाचा. आणि राहायला गेल्यावर मेंटेनन्स, पार्किंगचे नियम आपणही चोख पाळू. हक्क मागताना आपली बाजू स्वच्छ हवी.