घरची सुरी, दुकानाची कात्री : धार कोठे लावावी?

कापडाच्या धंद्यात गज आणि कात्री ही आमची दोन हत्यारे. गज बिघडत नाही. कात्री मात्र रोज थोडी थोडी झिजते आणि ते लवकर ध्यानात येत नाही. हात दुखू लागला म्हणजे समजते.

दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत आमच्या दुकानातील दहा इंची मेरठची कात्री बोथट झाली. गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून आम्ही ती नोकराबरोबर विजेच्या मशिनीवर धार लावायला पाठविली. पाच मिनिटांत ती चकचकीत होऊन परत आली. पात्याच्या टोकाकडे निळसर डाग पडला होता, तिकडे आम्ही दुर्लक्ष केले. आठ दिवसांत धार गेली. एका नवऱ्या मुलाच्या शेरवानीचे कापड कापताना ती मध्येच अडकली, धागा ओढला गेला आणि पूर्ण पीस वाया गेला. कापड बदलून द्यावे लागले. घाई आमची होती, नुकसानही आमचेच झाले.

मग ती कात्री घेऊन आम्ही इतवाऱ्यातील एका वयोवृद्ध उस्तादांकडे गेलो. त्यांनी तो निळा डाग पाहिला आणि एवढेच म्हणाले, "सेठ, इसका पानी उतर गया."

व्यापारी बंधूंनो, या एका वाक्यात धारेचे अर्धे शास्त्र आहे. पोलाद तापवून विझवतात, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. त्यानेच पाते कठीण होते. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पाते दाबून धरले की कड तापते. पोलाद निळे पडले म्हणजे ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले असे समजावे. तेवढ्या तापाने कडेचा कठीणपणा कमी होतो. मग धार लागते, पण टिकत नाही. म्हणून मशिनीवाला मधूनमधून पाण्यात पाते बुडवतो की नाही, हे पाहूनच वस्तू त्याच्या हाती द्यावी.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तेथे 'सैकल' हा शब्द शिकलो होतो. अर्थ झिलई, चकाकी. तलवारींना झिलई आणि धार देणारा तो सैकलगर. मराठीत तोच शिकलगार झाला. आपल्या नांदेडात शिकलगार मुसलमानांतही आहेत आणि शिखांतही. तलवारी गेल्या, पण हुनर विळी, सुरी आणि कात्रीवर जगत आले. आता पाते बोथट झाले की फेकून नवे घेण्याची सवय लागली आहे. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि कारीगराची रोजीही जाते.

तेव्हा घरासाठी कोणती पद्धत घ्यावी? लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते येऊन मिळतात, तसेच धारेलाही रस्ते पुष्कळ आहेत. आम्ही जे वापरून पाहिले ते सांगतो.

पहिला रस्ता धारेच्या दगडाचा. जुना कुरुंदाचा दगड आपल्याच देशातला. इंग्रजीतले त्याचे नावही येथूनच गेले. १८९१ साली अमेरिकेत अचेसन नावाच्या गृहस्थाने भट्टीत कार्बोरंडम बनविले, आणि आज हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करडा दगड बहुधा त्याचाच असतो. दोन बाजूंचा घ्यावा : एक खरबरीत, एक बारीक. दगडावरचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. खरबरीत बाजूने गेलेली धार परत येते, बारीक बाजूने ती साफ होते. पाणी वापरायचे तर कायम पाणीच वापरावे. एकदा तेल मुरलेल्या दगडावर पाणी नीट काम करीत नाही.

यात खरी गोष्ट कोनाची. एक इंच रुंद सुरी दगडावर ठेवावी आणि तिची पाठ पेन्सिलीच्या जाडीइतकी, फार तर किंचित जास्त उचलावी. कोन १५ ते २० अंशांच्या आसपास येतो. तोच कोन ठेवून घासत राहावे. पलीकडच्या बाजूला बारीक खरखरीत कड बोटाला जाणवली, की पाते उलटावे. बोट कडेवरून लांबीने कधीच फिरवू नये; पाठीकडून कडेकडे आडवे न्यावे. शेवटी दोन्ही बाजूंनी हलके हात मारून ती कड काढावी. वर्तमानपत्राचा कागद न फाटता कापला गेला, तर धार लागली.

विळी असेल तर विळी स्थिर ठेवून दगड पात्यावर फिरवावा. दगड नसेल तेव्हा घरातील बायका चिनीमातीच्या कपाच्या बुडावर सुरी घासतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. बुडाच्या खरबरीत कडेला चकाकीचा थर नसतो, म्हणून ती बारीक दगडाचे काम करते.

दुसरा रस्ता पोलादी सळईचा, जी खाटीक बांधवांच्या हाताशी कायम असते. साध्या सळईने नवी धार येत नाही. वाकलेली कड सरळ होते. धार असलेल्या सुरीला ती उपयोगी, अगदी बोथट सुरीला व्यर्थ.

तिसरा रस्ता खाचेतून सुरी ओढायच्या छोट्या साधनाचा. स्वस्त आहे, सोपे आहे, पण पाते ओरबाडते आणि सुरी लवकर झिजते. साध्या सुरीला चालेल, चांगल्या सुरीला नको. चौथा, सुरी पकडीत बसवून ठरलेल्या कोनात दगड फिरविण्याचा साचा. काम उत्तम होते. परंतु घरात चार सुऱ्या असतील तर एवढा खर्च कशाला?

बकरीदच्या सुऱ्यांबद्दल दोन शब्द. जनावराला त्रास कमी व्हावा म्हणून सुरीला चांगली धार लावण्याची ताकीद सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. तरीही आपण ईदच्या आदल्या रात्री रांगेत उभे राहतो, आणि घाईत पाते जळते. हे काम आठ दिवस आधी करावे. ईदच्या सकाळी सळईचे दोन हात पुरतात.

आता कात्री. येथे आमचा सल्ला उलटा आहे : कात्री घरी घासू नये. कात्रीची दोन पाती एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात. त्यासाठी आतली बाजू किंचित पोकळ ठेवलेली असते. आतली बाजू घासली की फट पडते आणि कापड कापण्याऐवजी दोन पात्यांत दुमडते. धार फक्त बाहेरच्या उतारावर लावायची, आणि त्याचा कोन सुरीपेक्षा बराच उभा असतो. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोटारीच्या जुन्या पट्ट्यांच्या पोलादापासून ती बनते. आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती. पण ती नातवापर्यंत पोहोचते ती जाणत्या हाताने धार लावली तरच.

आमच्या त्या कात्रीचे जळलेले टोक उस्तादांनी पाण्याच्या चाकावर हळूहळू उतरविले. कात्री अर्धा इंच आखूड झाली, पण आजही कापते. मजुरी किती, असे विचारले, तर मशिनीवाल्यापेक्षा थोडीच जास्त.

तेव्हा आमचा हिशेब असा : घरची सुरी आणि विळी स्वतः दगडावर लावावी, त्याने हात बसतो आणि पैसा वाचतो. कात्री मात्र उस्तादाकडे द्यावी, आणि मजुरीत घासाघीस करू नये. आपण गिऱ्हाइकाला म्हणतो की चांगल्या मालाला दाम द्या. तोच न्याय आपणही कारीगराला लावला पाहिजे.