पाळी येते, पण बीज पिकत नाही



कुटुंब नियोजन म्हणजे पाळणा लांबवणे, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही, त्यांच्याशीही बोलायचे आहे. वर्षभर एकत्र राहूनही दिवस राहिले नाहीत (बाईची पस्तिशी उलटली असेल तर सहा महिने), की सासू देवाला गाऱ्हाणे घालते, नवस बोलते. बोलू दे. पण सुनेला वांझ म्हणून मोकळे होऊ नका.

बाईच्या ओटीपोटात दोन बीजकोश असतात. दर महिन्याला साधारण एक बीज पिकते आणि सुटते. सुटलेले बीज जेमतेम दिवसभर टिकते. तेवढ्यात पुरुषबीज भेटले तर गर्भ राहतो. काही बायकांत बीज पिकतच नाही. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येणे ही त्याची खूण.

यावर औषध आहे. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते. बीज पिकवण्याचा हुकूम देणारा रस, म्हणजे हार्मोन, ती रक्तात सोडते. क्लोमिफीन किंवा लेट्रोझोलची गोळी पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घेतली की हा रस वाढतो. गोळीने भागले नाही तर तोच रस टोचून देतात. पूर्वी तो पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढीत. इटलीत त्यासाठी मठांतल्या वृद्ध जोगिणींची लघवी गोळा करीत. नाक मुरडू नका! टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातही बहुधा पहिली पायरी हीच असते. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचाराने अशी मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मली.

सोनोग्राफीत बीजाची पिशवी १८ ते २० मिलिमीटर दिसली की एचसीजीचे इंजेक्शन देतात. त्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज सुटते. सोमवारी रात्री नऊला टोचले तर बुधवारी सकाळी. त्या दोन-तीन दिवसांत नवरा-बायको एकत्र हवीत.

इथेच आपल्या किनाऱ्यावर गाडे अडते. नवरा मुंबईला, येणार गणपतीत नाहीतर शिमग्याला. नाहीतर ट्रॉलरवर. मग इंजेक्शन देऊन काय उपयोग? चाकरमान्याने रजा बायकोच्या पाळीच्या तारखेवरून काढावी. जून-जुलैत यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात, ते दोन महिने मच्छीमार जोडप्याने उपचाराला धरावेत. काही घरांत तर दोष कोणातच नसतो, फक्त दिवस जुळत नाहीत. डॉक्टरांना हे आधी सांगा.

आणि गोळी सुरू होण्याआधी नवऱ्याने वीर्य तपासून घ्यावे. 'माका काय झाला?' म्हणणारे फार. पण मूल न होणाऱ्या निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कमी असते. तपासणीला दुखत नाही, खुपत नाही.

शेजारणीची उरलेली गोळी घेऊ नये. क्लोमिफीनने शंभरात सात-आठ जणींना जुळे राहते, म्हणून डॉक्टरची नजर हवी. इंजेक्शननंतर पोट फुगले, उलट्या लागल्या, लघवी कमी झाली किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठा आणि कोणते इंजेक्शन कधी घेतले तो कागद बरोबर न्या.