नमुन्यापासून बाजारापर्यंत: नाशिकचा धडा

आता नाशिकचंच उदाहरण घेऊ. 2015 च्या कुंभमेळ्यासाठी एमआयटी मीडिया लॅबचे, मूळ नाशिकचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झालं. त्यातून ‘अशिओतो’ ही पावलं मोजणारी चटई आली. गर्दीचा अंदाज लागावा म्हणून. काम झपाट्याने झालं, कारण गरज सांगणारे, बनवणारे आणि वापरून पाहणारे एकाच शहरात होते.

पण नमुना म्हणजे उत्पादन नव्हे. शंभर सर्किट बोर्डांसाठीही मशीनची मांडणी दहा हजारांइतकीच करावी लागते, म्हणून छोटी ऑर्डर महाग पडते. चार जणांनी ऑर्डर एकत्र दिली, चाचणीची सोय वाटून घेतली, तर खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात. सातपूर-अंबडला कारखाने आहेत, इंजिनिअरिंग क्लस्टर आहे. 2027 च्या कुंभाआधी आपण हे दुवे जोडले नाहीत, तर नवी उपकरणं प्रदर्शनातच राहतील.