अर्थशास्त्र कोठे शिकावे?

काटेवाडीच्या मुलाने किंवा मुलीने बारावीनंतर अर्थशास्त्र घ्यायचे ठरविले, म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो कॉलेजच्या नावाचा. बारामतीस राहावे की पुण्यास जावे? पुण्यास जावयाचे तर खोलीभाडे आणि खानावळ आली, आणि ती भागायची उसाच्या बिलावर. एवढा पैसा घालावयाचा तर नावापेक्षा अभ्यासक्रम पाहावा, असे आम्हांस वाटते.

पदवीचे गणित तसे सोपे आहे. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची असते; तेव्हा तीच बी. ए. शहरात केली काय किंवा तालुक्याला केली काय, कागद एकच. फरक पडतो तो शिकविणाऱ्यांचा आणि ग्रंथालयाचा. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आता स्वायत्त आहे. अभ्यासक्रम व परीक्षा त्याची स्वतःची, पदवी मात्र पुण्याच्या विद्यापीठाची. पुण्याची गोखले संस्था अभिमत विद्यापीठ असल्यामुळे पदवी स्वतःच देते.

खरी अडचण पुढे येते. अर्थशास्त्र ही कला शाखेची गोष्ट, तेथे गणिताचे काय काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. ही समजूत महाग पडते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स वर्गाला बारावीचे गणित लागते, आणि चांगल्या एम. ए.च्या प्रवेशपरीक्षांत कलन व संख्याशास्त्र हटकून असते. तीन वर्षे नुसत्या व्याख्या पाठ करून पहिला वर्ग मिळविलेला विद्यार्थी तेथे दाराशीच अडतो. म्हणून माहितीपत्रकात गणित व संख्याशास्त्राच्या किती पत्रिका आहेत, त्या सक्तीच्या की ऐच्छिक, हे आधी मोजावे.

परंतु नुसत्या गणितानेही भागत नाही. १९१७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी प्रसिद्ध केली. शेताचे तुकडे, कर्ज, कुटुंबाचे उत्पन्न, सारे त्यांनी गावात जाऊन टिपले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमीन किती एकर, एवढ्यावरून ती परवडते की नाही हे ठरत नाही. तिच्यावर राबणारे हात आणि भांडवल किती, हे पाहावे लागते. आणि जास्तीच्या हातांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, असे त्यांनी मांडले. एकाने मोजले, दुसऱ्याने विचाराने उकलले. निरा डाव्या कालव्यावरच्या तीन एकरांत चार भावांचा संसार पाहिलेल्या मुलाला हे दोन्ही शिकावयास हवे.

गोखले संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या हाताखाली पुणे शहराची आर्थिक पाहणी झाली, आणि तेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षही होते. तेव्हा प्रवेशापूर्वी कॉलेजात जाऊन तेथल्याच शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावे: तुम्ही कधी पाहणीला गावात गेलात काय? जनगणनेची कोष्टके स्वतः हाताळलीत काय? भवानीनगरच्या कारखान्याचा वार्षिक अहवाल दिला, तर उतारा, तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि उसाचा रास्त व किफायतशीर दर यांचा मेळ घालून दाखवाल काय? उत्तरे ऐकली म्हणजे इमारतीकडे पाहण्याची फारशी गरज राहत नाही.

हे सारे बारावीनंतर विचारावयास निघाले तर उशीर होतो. कला शाखेतही गणित घेता येते, पण पुष्कळ कनिष्ठ महाविद्यालयांत तो वर्गच नसतो. तेव्हा दहावीचा निकाल लागला की अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वीच चौकशी करावी.