ताणातल्या माशांना खुराकाचा आधार

तळ्यात दाटी झाली, जाळे फिरले किंवा पाण्यातला प्राणवायू घटला की रोहू, कटला, मृगळ यांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक व साखर वाढते. भूक मंदावते, रोग बळावतात. हा ताण सोसायला खाद्यातले पुढील घटक मदत करतात.

• क जीवनसत्त्व : बहुतेक माशांच्या शरीरात ते तयार होत नाही, खाद्यातूनच द्यावे लागते. साधे रूप उष्णतेने नासते, म्हणून फॉस्फेटयुक्त टिकाऊ रूप वापरतात.

• ट्रिप्टोफॅन : या अमिनो आम्लापासून मेंदूत सेरोटोनिन बनते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या प्रयोगात त्याने मृगळाच्या बोटुकल्यांवरचा दाटीचा ताण कमी झाला.

• बीटा-ग्लुकॅन : यीस्टपासून मिळते, रोगप्रतिकारशक्तीला बळ देते.

लक्षात ठेवा : स्वच्छ पाणी आणि माशांची बेताची संख्या यांना कोणताही खुराक पर्याय नाही.