खडीखालचा लव्हाळा

अंगणात हिरवळ केली की पाणी आलं, कापणी आली, माळ्याचा पगार आला. म्हणून अनेकजण तिथे खडी पसरून मोकळे होतात. दोन-चार घायपात आणि एखादी कण्हेर लावली की बागेकडे पुन्हा बघायला नको, असा त्यांचा हिशेब असतो. पहिल्याच पावसाळ्यात तो चुकतो. जुलैत खडीतून लव्हाळ्याची पाती वर येतात, कडेने हराळी आत सरकते, मधल्या जागेत एकदांडी आणि गाजरगवत माजतं. खडी कमी पडली असं समजून आणखी एक ब्रास मागवली जाते. पण खडीची जाडी हा इथे दुय्यम प्रश्न आहे. खडीची बाग खरोखर कमी कष्टाची होऊ शकते, मात्र त्यासाठीचे कष्ट खडीचा ट्रक दारात येण्याआधी मातीत उपसावे लागतात.

तण दोन वाटांनी येतं आणि दोन्ही वाटांचा उपाय वेगळा आहे. पहिली वाट वरची. एकदांडीचं बी केसाळ झुपक्यावर वाऱ्याने उडत येतं. गाजरगवताचं एकेक झाड हजारो बारीक बिया टाकतं. दोन-तीन इंच खडी मातीतल्या अशा बियांचा उजेड तोडते, त्यामुळे त्या सहसा रुजत नाहीत. एवढं काम खडी चोख करते. वरून पडणाऱ्या बियांना मात्र तीच खडी सोयीची ठरते, कारण फटींत धूळ साचते, पानं कुजतात आणि खाली ओल टिकते. क्रशरची कच असलेली खडी घेतली तर ही माती पहिल्या दिवसापासून तयारच असते. म्हणून पाऊण इंची खडी धुऊन घ्यावी, आणि चिंच किंवा गुलमोहराखाली ती टाकूच नये. त्यांची बारीक पानं फटींतून झाडूनही निघत नाहीत. दुसरी वाट खालची, आणि खरं दुखणं तिथे आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची जी यादी 1977 साली ग्रंथरूपाने निघाली, तिच्यात लव्हाळ्याचा क्रमांक पहिला होता. जमिनीखाली त्याच्या गाठी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात. वरचं पातं उपटलं की ते तुटून हातात येतं, गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते. हराळीचं तसंच, फक्त ती गाठींऐवजी पेरापेरांवर जगते. भाद्रपदात दूर्वा म्हणून जिचा शोध घ्यायचा, तीच ही.

यावर ठेकेदाराकडे एक ठरलेलं उत्तर असतं: खडीखाली तणरोधक कापड. पहिलं वर्ष-दोन वर्षं ते बरं दिसतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वरून आलेलं बी कापडाच्या वरच्या गाळात रुजतं आणि मुळं विणीत अडकवतं; मग तण ओढलं तर कापडच वर येतं. लव्हाळ्याचा टोकदार कोंब तर प्लॅस्टिकचा कागदही भोसकून बाहेर पडतो. शिवाय त्या कापडामुळे पालापाचोळ्याचं खत मातीत उतरत नाही आणि लावलेली झाडं रोडावतात. वाहनं जाणाऱ्या वाटेवर कापड असावं, कारण तिथे खडी मातीत रुतू नये एवढाच हेतू असतो. लावणीच्या जागेत ते नको.

लव्हाळ्याची दोन मर्मं आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. त्याच्या गाठी कोरड्या उन्हात वाळून मरतात आणि त्याला सावली सोसत नाही. उन्हाळी नांगरट होते ती याचसाठी. बागेतही एप्रिल-मेमध्ये वीतभर खोल खणून, ढेकळं उलटून, गाठी आणि हराळीच्या काड्या वेचून काढाव्यात आणि उरलेल्या तापू द्याव्यात. पाऊस पडला की राहिलेल्या गाठी फुटतील. नव्या गाठी धरायच्या आत, म्हणजे दर दोन-तीन आठवड्यांनी, त्या खुरप्याने मुळापासून काढाव्यात किंवा तिथे ताग दाट पेरावा. खडी त्यानंतर. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात बेथ चॅटो यांनी 1991-92 मध्ये जुन्या वाहनतळावर केलेली खडीची बाग पाणी न देता जगते म्हणून प्रसिद्ध आहे. तिथेही आधी घट्ट झालेली जमीन खोल फोडून तिच्यात कंपोस्ट मिसळलं होतं. तिथे वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बारा महिन्यांत विभागून; आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो, म्हणजे तणाचा जोर अधिक. तेव्हा आपल्याला ती पूर्वतयारी जास्तच हवी. लावणीही दाट हवी. गवती चहा, वाळा, तगर यांची सावली खडीवर पडली की लव्हाळ्याचा जोर ओसरतो.

एवढा खटाटोप कशाला, तणनाशक मारा, असं कोणी म्हणेल. ग्लायफोसेट पानांतून गाठींपर्यंत उतरतं हे खरं, पण सुप्त गाठींपर्यंत ते नीट पोचत नाही, म्हणून फवारणी एकदा करून भागत नाही. शिवाय 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने त्याच्या वापरावर मर्यादा घालणारी अधिसूचना काढली. मीठ मातीच नासवतं. व्हिनेगर आणि उकळतं पाणी वरची पात जाळतात, गाठीला धक्का लावत नाहीत. वरून येणाऱ्या बियांसाठी पावसाळ्यात आठवड्यातून एक फेरी पुरते. गाजरगवत फुलायच्या आत उपटावं, आणि त्याने अंगाला खाज सुटते म्हणून हातमोजे घालावेत. नर्सरीतून आणलेल्या कुंडीत किंवा लाल मातीच्या ट्रकमधून लव्हाळ्याच्या गाठी पुन्हा येतात, तेव्हा रोप लावण्याआधी कुंडीतली माती तपासावी. ज्यांच्या जागेत लव्हाळा आहे आणि ज्यांना एक उन्हाळा व एक पावसाळा थांबायचं नाही, त्यांनी यंदा खडीवर पैसे घालू नयेत.